तबकडी पुसण्याची दिशा

गेल्या श्रावणांत अक्काकडे गेलों होतों. अक्का म्हणजे माझी वडील बहीण. तिनें पंचाहत्तरी ओलांडली आहे; पण सकाळच्या चहाबरोबर गाणें ऐकण्याचा पंचवीस वर्षांचा नेम तिनें मोडलेला नाहीं. त्या दिवशीं मात्र तिचें सीडीचें यंत्र रुसलें होतें. तबकडी आंत गेली कीं क्षणभर घरघर करावी, आणि मग ‘तबकडी नाहीं’ अशा अर्थाचीं अक्षरें दाखवून स्वस्थ बसावें, असा त्याचा क्रम चालला होता. गल्लीच्या तोंडाशीं दुरुस्तीचें एक दुकान आहे. तेथल्या गृहस्थानें यंत्र उघडूनहि न पाहतां, “आजी, हीं आतां कोणी दुरुस्त करीत नाहीं, टाकून द्या,” असा निकाल दिला होता.

अक्काला तो निकाल मान्य नव्हता, आणि त्याचें कारण गाण्याहून मोठें होतें. २००४ सालच्या दिवाळींत तिच्या मुलानें आमच्या वडिलांना समोर बसवून त्यांच्या लहानपणच्या आठवणी बोलावयास लाविल्या होत्या आणि त्या घरच्या संगणकावर मुद्रित करून त्यांची एक तबकडी केली होती. पुढल्या वर्षीं बाबा गेले. तेव्हांपासून दर वर्षीं त्यांच्या तिथीला ती तबकडी अक्काकडे लागते. यंदाची तिथि आठ दिवसांवर आली होती.

मी गेलों तेव्हां अक्का मांडीवर एक सीडी घेऊन मखमलीच्या तुकड्यानें ती गोल गोल पुसत बसली होती.

“अक्का, अशी गोल पुसूं नकोस,” मीं म्हटलें.

“अरे, बाबांनींच शिकविलें आहे मला. ग्रामोफोनच्या तबकडीवर आडवा हात मारला कीं किती रागावत ते, विसरलास का?”

मी विसरलों नव्हतों. बाबांचें सांगणें खरें होतें आणि माझेंहि खोटें नव्हतें. दोन्ही वस्तूंना आपण तबकडीच म्हणतों. दोन्ही वाटोळ्या, दोन्ही फिरणाऱ्या, दोन्ही गाणाऱ्या. मग एक गोल पुसावी आणि दुसरी गोल पुसूं नये, हें कां? या साध्या प्रश्नाचें उत्तर गेल्या सुमारें दीडशें वर्षांच्या इतिहासांत आहे. आणि तो इतिहास ठाऊक असल्यास यंत्र टाकून द्यावें कीं पुसून पाहावें, याचाहि निर्णय पुष्कळदां घरच्या घरीं करतां येतो.

एडिसननें १८७७ सालीं जें बोलकें यंत्र केलें त्यांत ध्वनीची नोंद फिरत्या नळकांड्यावर होत असे. हानोव्हर शहरीं १८५१ सालीं जन्मलेल्या आणि तरुणपणींच अमेरिकेस गेलेल्या एमिल बर्लिनरनें १८८७ सालीं ती नोंद सपाट तबकडीवर आणिली. एडिसनची सुई खालींवर नाचे. बर्लिनरची सुई नागमोडी खांचेंतून डावीउजवीकडे डोलत जाई. सपाट तबकडीचा मोठा गुण असा कीं, एका ठशावरून तिच्या हजारों प्रती काढतां येत. १८९८ सालीं बर्लिनरनें भावाच्या साह्यानें हानोव्हरलाच तबकड्यांचा कारखाना काढला. हानोव्हरचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें तेथें पुन्हां यावयाचें आहे.

या तबकड्या लाखेच्या असत. लाख दगडाच्या बारीक भुकटींत मिसळून, तापवून, ठशाखालीं दाबीत. ती लाख मुख्यतः आपल्याच देशची. छोटा नागपुरच्या रानांत पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे ती तयार करतात. १९०२ सालीं फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें. १९०८ सालीं सियालदा येथें तबकड्यांचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्रांत घराघरांत नाट्यपदें पोंचलीं तीं या लाखेवर स्वार होऊनच. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें गाणें, दर मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे, आणि खांचेवर शंभर ग्रॅमांहून अधिक भार घालणारी पोलादी सुई. ही सुई दर बाजूस बदलावी लागे. धूळ बसे ती खांचेंत, आणि खांच गोल असल्यामुळें धूळ निघे तीहि त्याच दिशेनें. आडवा हात मारला तर धुळीचे कण खांचेच्या कांठांवर घासत, आणि प्रत्येक ओरखडा पुढें ‘टक्‌’ असा ऐकूं येई. म्हणून मखमल गोल फिरवावयाची. बाबांचा राग शास्त्रशुद्ध होता.

त्या तबकडीचा आणखी एक स्वभाव होता. तिला काय होतें आहे तें ती लपवीत नसे. सुई बोथटली कीं आवाज घोगरा होई, धूळ बसली कीं खरखर वाढे, चीर पडली कीं एकच ओळ पुनः पुनः येई. आजार वाढत जाई आणि कानाला कळत जाई. मालकाला सावध होण्यास अवसर मिळे.

सुईच्या जागीं प्रकाश आणावा, म्हणजे घासणेंच नको, ही कल्पना पुष्कळांच्या मनांत आली होती. पण तसा प्रकाश हाताशीं नव्हता. १९६० च्या मे महिन्यांत थिओडोर मायमाननें माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. १९६२ सालीं तो अर्धवाहक स्फटिकांतून निघाला, आणि १९७० सालीं लेनिनग्राड येथें आल्फेरोव्हच्या मंडळीनें व अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेनें साध्या खोलीच्या उष्णतामानांत अखंड चालणारा असा स्फटिक सिद्ध केला. तांदळाच्या दाण्याहूनहि लहान अशा या स्फटिकानें दिवाणखान्यांतील यंत्राचा मार्ग मोकळा केला. हॉलंडांतील आइन्ढोवनच्या फिलिप्स कंपनीनें १९७२ सालीं प्रकाशानें वाचावयाची चित्रतबकडी दाखविली होती. ती लोकांनीं फारशी उचलून धरली नाहीं. पण तिच्यांतून मिळालेल्या अनुभवावर कंपनीनें ८ मार्च १९७९ रोजीं लहान ध्वनितबकडीचें यंत्र वाजवून दाखविलें. त्याच वर्षीं जपानच्या सोनी कंपनीशीं तिची भागी झाली, आणि १९८० सालीं दोघींनीं मिळून नियमांचें पुस्तक सिद्ध केलें. त्याच्या वेष्टनाच्या रंगावरून त्याला ‘रेड बुक’ हें नांव पडलें.

त्या पुस्तकांतले आंकडे पाहिले म्हणजे डोळे फिरतात. तबकडी १२० मिलिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची. तिच्यांतली वाट मध्यापासून कांठाकडे उलगडत जाते, आणि शेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर अवघें १.६ मायक्रॉन. मिलिमीटराचा हजारावा भाग तो मायक्रॉन. म्हणजे केंसाच्या जाडींत सुमारें चाळीस फेरे मावावे. ही वाट सरळ उलगडली तर पांच किलोमीटरांहून लांब भरेल. तिच्यावर सुमारें अर्धा मायक्रॉन रुंदीचे, कमीजास्त लांबीचे खळगे असतात. खळगे आणि सपाटी यांतून परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांतून यंत्र आंकडे वाचतें आणि आंकड्यांचा ध्वनि करतें. तबकडी डोलली तर भिंगाला तिच्याबरोबर खालींवर व्हावें लागतें. चूक चालते ती फार तर दोन मायक्रॉनांची. म्हणून तें भिंग घट्ट बसविलेलें नसतें. नाजूक तारांवर तरंगत असतें आणि विजेच्या वेटोळ्यांच्या ओढीनें क्षणाक्षणाला हलत असतें.

आतां, ज्या वाटेवर केंसाखालीं चाळीस फेरे लपतात तेथें धुळीच्या एका कणानें सर्व नाश कां होऊं नये? कल्पकांनीं यावर दोन तोडगे काढले.

पहिला जाडीचा. खळगे असतात ते तबकडीच्या चकचकीत पाठीवर नव्हेत, तर पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पलीकडच्या अंगाला. प्रकाश आंत शिरतो तेव्हां त्याचा ठिपका जवळजवळ पाऊण मिलिमीटर रुंद असतो. जाडी ओलांडून खळग्यांपाशीं पोंचेपर्यंत तो दोन मायक्रॉनांहून अरुंद होतो. त्यामुळें पृष्ठावरची धूळ त्याला धूसर दिसते. खिडकीच्या कांचेवर बसलेल्या माशीनें दूरचा सिंहगड झांकत नाहीं, तसाच हा प्रकार.

दुसरा तोडगा गणिताचा, आणि तो अधिक खोल आहे. क्लॉड शॅनननें १९४८ सालीं दाखविलें होतें कीं वाट कितीहि गोंगाटाची असली तरी, मर्यादेंत राहून, निरोप अचूक पोंचवितां येतो. मात्र त्याबरोबर पडताळ्याचे कांहीं जादा आंकडे पाठवावे लागतात. १९६० सालीं आयर्विंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोघांनीं मॅसॅच्युसेट्‌सच्या लिंकन प्रयोगशाळेंत असतांना अशा पडताळ्याची एक सुंदर रीति प्रसिद्ध केली. वाण्याच्या यादींतला एक आंकडा पुसला गेला तरी खालची बेरीज शाबूत असल्यास तो शोधून काढतां येतो. रीड-सॉलोमनांची रीति ही त्याच युक्तीची फार पुढारलेली बहीण. व्हॉयेजर-२ या यानानें १९८६ सालीं युरेनसहून पाठविलेलीं चित्रें याच रीतीच्या आधारानें पृथ्वीवर नीट उमटलीं. सीडीवर गाण्याच्या दर २४ भागांमागें पडताळ्याचे ८ भाग असतात.

एवढ्यानें भागत नाहीं. कारण ओरखडा येतो तेव्हां एक आंकडा पुसत नाहीं, शेजारचे हजारों आंकडे एकदम पुसतो. म्हणून सलग गाणें सलग लिहावयाचेंच नाहीं, तें विखरून लिहावयाचें. दिवाळीचा फराळ पांच घरीं पाठवावयाचा असतां शहाणी गृहिणी एका डब्यांत नुसत्या चकल्या आणि दुसऱ्यांत नुसते लाडू भरीत नाहीं. प्रत्येक डब्यांत थोडथोडें सर्व भरते. वाटेंत एक डबा सांडला तरी चकलीच मिळाली नाहीं असें होत नाहीं. तसेंच हें. या व्यवस्थेमुळें वाटेवरचा सुमारें अडीच मिलिमीटर लांबीचा सलग भाग नष्ट झाला तरी यंत्र तो जसाच्या तसा भरून काढतें. नुकसान त्याहून थोडें अधिक असल्यास मागच्यापुढच्या आंकड्यांवरून अंदाजानें सांधतें, आणि फारच झाल्यास तेवढ्यापुरतें मुकें होतें.

अक्काच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. मध्यापासून कांठाकडे गेलेला सरळ ओरखडा प्रत्येक फेऱ्याला एकेकदांच छेदतो. छेद केंसाएवढा असतो आणि गणित तो सहज भरून काढतें. गोल ओरखडा वाटेबरोबर चालतो; अडीच मिलिमीटरांची मर्यादा तो केव्हांच ओलांडतो, आणि किरणालाहि वाट चुकवितो. फडक्यांत अडकलेला वाळूचा एक कण कोणत्या दिशेनें ओढला जातो, एवढ्यावर सर्व अवलंबून आहे. बाबांच्या तबकडीला गोल हात तारक होता. या तबकडीला तोच मारक.

१७ ऑगस्ट १९८२ रोजीं पहिल्या विक्रीच्या सीड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या, त्या लांगेनहागेन येथें. म्हणजे बर्लिनरच्या हानोव्हरच्या वेशीवर, त्याच्याच जुन्या कंपनीची परंपरा चालविणाऱ्या कारखान्यांत. १ ऑक्टोबरला जपानांत पहिलें यंत्र विक्रीस आलें. किंमत १,६८,००० येन. सदासर्वकाळ निर्दोष आवाज, अशा अर्थाची जाहिरात झाली. त्याआधीं १९८१ सालीं ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर एका निवेदकानें तबकडीवर दगड घासून तिची सहनशक्ति दाखविली होती. लोकांची समजूत अशी झाली कीं ही वस्तु अमर आहे.

ती तशी नव्हती. इंग्लंडांतील ब्लॅकबर्नच्या कारखान्यांत १९८८ ते १९९३ या काळांत निघालेल्या कित्येक तबकड्यांचा मुलामा निकस निघाला आणि वेष्टनांतल्या गंधकानें त्या तांबूस पडून निकामी झाल्या. २००१ सालीं माद्रिदच्या संशोधकांनीं बेलीझच्या दमट हवेंतून आलेली एक तबकडी तपासली, तेव्हां तिच्यांत बुरशी शिरून धातूचा थर खात असल्याचें आढळलें. घरीं मुद्रित केलेल्या तबकड्यांत तर खळगे नसतातच. त्यांत रंगाचा थर असतो आणि तो उन्हानें विटतो. पण याहून मोठा धोका त्या क्षमाशील गणितांतच आहे. तबकडी मळत जाते, भिंगावर धूळ सांचत जाते, आणि गणित चुका निमूटपणें पोटांत घालीत राहतें. कानाला कांहीं कळत नाहीं. मग एके दिवशीं मर्यादा संपते आणि यंत्र एकदम ‘तबकडी नाहीं’ म्हणतें. आपण म्हणतों, कालपर्यंत तर उत्तम चाललें होतें! खरें पाहतां तें वर्षभर चुका झांकीत आलेलें असतें.

म्हणून अशा वेळीं घाबरून यंत्र टाकूं नये, क्रमानें पाहावें. प्रथम दोनचार निरनिराळ्या तबकड्या घालून पाहाव्या. एकच अडत असेल तर दोष तिचा. सर्वच अडत असतील तर यंत्राचा. कारखान्यांतली चालते आणि घरीं मुद्रित केलेली चालत नाहीं, असें झाल्यास भिंग मळलें आहे किंवा लेसर थकत चालला आहे असें समजावें. यंत्र थंड जागेंतून दमट हवेंत आणलें असल्यास भिंगावर दंव धरतें. तास दोन तास थांबल्यानें तें आपोआप जातें. तबकडी फिरतच नाहीं म्हणून मोटर गेली असें पुष्कळांस वाटतें. पण पुष्कळ यंत्रें भिंगाला प्रकाश नीट जुळल्याशिवाय तबकडी फिरवीतच नाहींत, आणि त्यामुळें मोटरीवरचा आळ खरा धुळीचा असतो. पहिलीं गाणीं वाजतात आणि शेवटचीं अडखळतात, असें असल्यास भिंगाच्या सरकत्या गाडीचें जुनें वंगण घट्ट झालें असण्याचा संभव फार.

उघडण्यापूर्वीं विजेची जोडणी काढावी. नुसती कळ बंद करून भागत नाहीं. पेटी बंद असतां किरण निर्धोक असतो. परंतु झांकण काढून चालू यंत्राच्या भिंगांत कधीहि डोकावूं नये. हा प्रकाश ७८० नॅनोमीटरांचा, डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा. फिकट तांबड्या ठिपक्यापेक्षां त्याचें तेज पुष्कळ अधिक असतें, आणि दिसत नसल्यामुळें पापणीहि मिटत नाहीं. प्रथम रबरी फुग्याच्या वाऱ्यानें धूळ उडवावी. तोंडानें फुंकूं नये, थुंकीचे कण बसतात. मग कापसाच्या काडीस शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावून, ती टिपून, भिंगावर केवळ स्पर्श होईल इतक्या हळू फिरवावी आणि तें वाळूं द्यावें. तारांवर तरंगणाऱ्या भिंगाला दाब सोसत नाहीं. अत्तर, थिनर, नखांचा रंग काढण्याचें द्रव्य यांतलें कांहींहि वापरूं नये. भिंग बहुधा प्लॅस्टिकचें असतें आणि तें कायमचें आंधळें होतें. लेसरची शक्ति वाढविण्याचा बारीक स्क्रू आंत दिसला तर त्यास हात लावूं नये. थकलेला दिवा त्यानें चार दिवस उजळतो आणि मग विझतो. तबकडी मळली असल्यास कोमट पाण्यांत साबणाचा एक थेंब टाकून धुवावी आणि मऊ कापडानें मध्यापासून कांठाकडे सरळ टिपावी. एक इशारा जुन्या ठेव्याबद्दल. जें अल्कोहोल भिंगाला औषध, तेंच लाखेच्या तबकडीला विष. लाख त्यांत विरघळते.

अक्काच्या यंत्राचें भिंग पुसलें तेव्हां काडीला करडा डाग लागला, एवढाच काय तो रोग. पहिली तबकडी घातली आणि गाणें सुरू झालें. अक्का कांहीं बोलली नाहीं. उठून चहा ठेवावयास गेली. परत आली ती बाबांची तबकडी घेऊन.

ती मीं धुतली, सरळ पुसली आणि लाविली. बाबा बोलूं लागले. त्रेपन्नाव्या मिनिटास ते एका वाक्याच्या मध्यें थांबले, यंत्र अडखळलें, आणि पुढें कांहीं येईना. तबकडी काढून खिडकीपाशीं नेली. वरच्या बाजूस अक्काच्या वळणदार अक्षरांत, बॉलपेननें दाबून लिहिलें होतें: ‘बाबा, दिवाळी २००४’. खालून पाहिलें तों तींच अक्षरें उलटीं उमटलेलीं दिसलीं.

ज्या चकचकीत बाजूची आपण काळजी घेतों तिला सव्वा मिलिमीटर जाडीचें कवच असतें. तिच्यावरचा ओरखडा घासून काढतांहि येतो. जी वरची, नांवाची बाजू आपण निर्धास्तपणें लिहावयास घेतों तिच्याखालीं कांहीं मायक्रॉन लाखटाचा थर, आणि लगेच धातू. तेथें उमटलेला घाव कोणत्याहि गणितानें भरून येत नाहीं.

“माझ्या अक्षरानें झालें का रे हें?” अक्कानें विचारलें.

“होय अक्का. पण त्रेपन्न मिनिटें शाबूत आहेत,” मीं म्हटलें.

त्याच संध्याकाळीं भाच्यानें तीं त्रेपन्न मिनिटें संगणकावर उतरवून घेतलीं आणि त्यांच्या दोन प्रती दोन घरीं ठेविल्या. राहिलेल्या मिनिटांवर त्याचा प्रयत्न अजून चालू आहे. संगणक एकच जागा पुनः पुनः वाचून कधीं कधीं एखादा तुकडा सोडवून आणतो. तिथीला आम्ही सर्व जमलों, आणि बाबा जेवढे बोलले तेवढें ऐकलें.

वाचकांपैकीं बहुतेकांच्या कपाटांत अशी एखादी तबकडी असेल. लग्नाची, बारशाची, कोणा गेलेल्या माणसाच्या आवाजाची. ती कधीं खरखर करून आपलें दुखणें सांगणार नाहीं. तिच्यावर बॉलपेननें लिहूं नये, तिला उन्हांत ठेवूं नये, तिला मध्यापासून कांठाकडे पुसावें. आणि ती बोलते आहे तोंच, आजच्या आज, तिची प्रत करून ठेवावी.